एक्स्पोर्ट क्वालिटी

माझ्या बायकोला जाऊन वर्ष झालं, तरी ती अजून मला ओरडते. तेही ओळीने तेवीस वेळा, आणि साक्षीदार आहेत.

वर्षश्राद्धाला सायखेड्याहून सासूबाई येणार होत्या. "जावईबापू, माझ्या पोरीचा आवाज एकदा ऐकवा," एवढंच त्यांचं मागणं. मोबाईलवरचं त्यांना धड दिसत नाही, ऐकूही येत नाही. मी शब्द देऊन बसलो : व्हिडिओ जोडून टीव्हीवर दाखवतो! (मी निवृत्त ग्रंथपाल. कॉम्प्युटरवर आजवर केलं काय, तर पुस्तकांच्या याद्या.)

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची माहिती छापून घेतली आणि पेन्सिलीने खुणा करत तीन आठवडे वाचली. तुकडे कापायला शिकलो, जोडायला शिकलो. पण हिच्या प्रत्येक व्हिडिओत एकच गोम! छान बोलत असते, तेवढ्यात नजर माझ्या मोबाईलकडे वळते आणि : "अहो, बंद करा ते!" देवळाली कॅम्पच्या बाजारात तेच, पापड लाटताना तेच. सासूबाईंना लेकीचा आवाज हवा होता, जावयाची हजामत नव्हे! मी असे तेवीस तुकडे कापून काढले. पण डिलीट दाबायला बोट धजेना. मग त्याच व्हिडिओच्या पट्टीवर बरीच मोकळी जागा सोडून ते पार शेवटी रांगेत लावून ठेवले. (ग्रंथपाल पुस्तक टाकत नाही, मागच्या कपाटात ठेवतो.)

आता व्हिडिओ तयार करायचा, तर बटणावर लिहिलेलं 'एक्स्पोर्ट'! मी दचकलो. ही जन्मात विमानात बसली नाही, हिला परदेशी धाडू? नाशकात एक्स्पोर्ट म्हणजे द्राक्षं. म्हणून माझ्या मेव्हण्याला, द्राक्षबागायतदार बबनला, फोन लावला.

"बबनराव, आक्काचा एक्स्पोर्ट करायचाय."

"आँ? कुठं धाडताय आमच्या आक्काला?"

"व्हिडिओ हो! साईज विचारतोय कॉम्प्युटर."

"मोठीच टाका, दाजी. बारीक माल तिकडं नाय चालत."

"आणि क्वालिटी?"

"आक्काची क्वालिटी इचारतोय त्यो? एक नंबर म्हनावं!"

मी शब्दशः तसंच केलं. कॉम्प्युटर चार तास धापा टाकत होता, पण माल निघाला!

वर्षश्राद्धाची जेवणं झाली आणि टीव्ही लावला. ही हसली, पुरणाचं प्रमाण सांगितलं, अर्धी ओवी गुणगुणली. सासूबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. पडदा काळा झाला. बबन डोळे पुसत म्हणाला, "लय भारी, दाजी! कुनाकडनं करून घेतलं?"

"मीच केलं!" मी छाती काढून उभा राहिलो. "एकट्याने!"

"अहो, बंद करा ते!" टीव्ही कडाडला.

मी गार! मोकळी जागा संपून मागचं कपाट उघडलं होतं.

"अहो, बंद करा म्हटलं ना!"

मी रिमोटवर झडप घातली आणि टीव्ही बंद केला. मग सासूबाईंचा आवाज : "आधी लावा ते परत! आत्ता कुठं माझी पोर बोलाया लागली व्हती!"

तेवीसच्या तेवीस तुकडे झाले. मग पुन्हा एकदा झाले. प्रत्येक ओरड्याला सासूबाई मान डोलावून म्हणत, "बराबर बोलती!"

चाळीस वर्षांच्या संसारात 'बंद करा' म्हटल्यावर मी पहिल्यांदाच ताबडतोब बंद केलं. आणि तेही चुकलंच!