पिंपातलं आठ दिवसांचं पाणी

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी मी ग्रंथालयातून रजा घेते आणि सकाळीच कामांची यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवते. परवाची यादी नेहमीपेक्षा लांब होती, कारण दुसऱ्या दिवशी नातीचं बारसं होतं. मुलीच्या सासरची वीस-पंचवीस माणसं सिल्लोडहून जेवायला येणार होती.

यादीत पहिलं काम होतं तिन्ही पिंपं रिकामी करून घासायचं. सातच्या आत मी ते उरकलं. उरलेल्या पाण्यानं अंगण धुतलं, पायऱ्या धुतल्या, तरी उरलं म्हणून स्कूटरही धुतली. नळाच्या दिवशी जुनं पाणी ओतून द्यायचं, ही इथल्या बहुतेक घरांची रीत. आठ दिवसांचं पाणी म्हणजे शिळं. एरवी तांब्याभर पाणी जपून वापरणारी आम्ही माणसं त्या सकाळी बादल्याच्या बादल्या गटारात सोडतो.

दहाला नळ फुसफुसला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला. वॉल्व्ह सोडणाऱ्याला फोन लावला.

"ताई, वर कुठंतरी लाइन फुटली. आज भरवसा धरू नका."

टँकरवाल्याकडं उद्या दुपारशिवाय गाडी नव्हती. उद्या दुपारी माझ्याकडं पंगत बसलेली असणार. घरात प्यायच्या पाण्याचा एक हंडा आणि अर्धी बादली. बाळाची अंघोळ व्हायची होती, बाळंतिणीची व्हायची होती, उद्याचा स्वयंपाक तर पुढंच.

मी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. गच्चीवर गेले, खाली आले. शेवटी यादी घेऊन बसले आणि कुणाकडून काय मागता येईल ते लिहू लागले. पहिला शब्द लिहिला 'पिंप' आणि तिथंच अडकले. आमच्या घरात त्या निळ्या प्लास्टिकच्या वस्तूला मी पिंप म्हणते, सासूबाई टिपाड म्हणतात, नवरा ड्रम म्हणतो. शेजारच्या आपांकडं तोच पीपा असतो. हाताला काम नसलं की मला कोश उघडायची खोड आहे. उघडला.

पिंप पोर्तुगीजांकडून आलेलं निघालं. मूळचा अर्थ लाकडाच्या फळ्यांचं, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं पात्र, दारू भरून ठेवायचं. आपांचा पीपाही त्याच शब्दाचा. बादलीसुद्धा तिकडचीच. टिपाडाचं मूळ कोशात दिलंच नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचं आमच्या घरचं हाय, त्याला कशाला कुठून यावं लागतंय?"

मी पुन्हा नळाकडं गेले. कोरडा.

भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला. आपा सत्तरीच्या, एकट्या राहतात. "भाभी, सुबे आँगन में नदी बहा दी, अब नल को कायकू घूर रहे?"

"आपा, चूक झाली."

"हमारा पीपा भरा है. ले जाव. बच्ची को नहलाव पहले."

मी बादली घेऊन निघाले, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. "शिळं पाणी हाय ते. अकरा दिसाच्या लेकराला घालती व्हय?"

"उकळून घेऊ. आई, जहाजावरची माणसं महिनोन्महिने पिंपातलंच पाणी प्यायची."

"प्यायची, अन् वाटंतच मरायची."

खरं सांगायचं तर मलाही ते पाणी नको होतं. सकाळी तेवढंच जुनं पाणी मी हातानं ओतलं होतं, ते शिळं म्हणूनच ना? बादली हातात धरून मी उंबऱ्यातच उभी राहिले. आत बाळ रडत होतं.

खोलीतून मुलगी म्हणाली, "मम्मी, आपा आज तेच पाणी प्यायल्या असतील ना?"

सासूबाई बाजूला झाल्या. मी चार बादल्या आणल्या, त्यातली एक पातेल्यात खळखळून उकळली, कोमट होऊ दिली. बाळाची अंघोळ झाली, बाळंतिणीची झाली, डाळ-तांदूळ धुऊन झाले. आपांच्या पीप्यात तळाशी वीतभर पाणी राहिलं.

पाचच्या सुमाराला नळाला करंगळीएवढी धार आली. किती वेळ टिकेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. आपांच्या घरी तर तेवढीही चढत नव्हती. माझी तीन पिंपं उघडी वाट पाहत होती आणि उद्या घरात माणसं. मी पाइप नळाला लावला आणि दुसरं टोक भिंतीवरून आपांच्या अंगणात टाकलं. पलीकडं सासूबाई आधीच जाऊन उभ्या होत्या. त्यांनी ते टोक धरून ठेवलं.

"बस जी, आधा बहुत है," आपा म्हणत होत्या.

"गप बसा. काठापर्यंत भरू द्या."

मी घड्याळ पाहत होते. पंधरा मिनिटं, वीस, पंचवीस. दर मिनिटाला वाटत होतं, आता पाइप ओढावा. पीपा भरला, मग माझं पहिलं पिंप भरलं. दुसरं निम्म्यावर असताना धार तुटली.

एवढ्यात पंचवीस माणसं निभणार नव्हती. मी फोन उचलला. मुलीच्या सासरी काही मागायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. दोनदा नंबर काढून बंद केला, मग लावलाच.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं. उद्या येताना पाणी आणता येईल का?"

पलीकडं त्या मोठ्यानं हसल्या. "एवढंच व्हय? मला वाटलं, बारसं पुढं ढकलताव. आणते की चार कॅन. पर जीपमधी दोन माणसं कमी बसतील, सांगा, कुणाला ठेवून येऊ?"