सदा उसने

तीन आठवडे झाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर ‘सदा उसने’ हे नाव उजळलं आणि मी फोन तसाच खिशात ठेवला. इथं तिरुपूरला कपडे शिवायच्या कारखान्यात असतो मी. हातात डबा होता, एवढंच निमित्त. पुन्हा वाजला तेव्हा भीत भीत उचलला. पलीकडं सदाची आई होती. “सदा गेला रं बाळा...”

आठवीत शाळा सोडून मी नातेपुत्याहून सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात लागलो, तेव्हा शेजारच्या मागावर सदा असायचा. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला त्यानंच शिकवली. पुढं त्याला पोकरचा, पैसे लावून पत्ते खेळायचा, नाद लागला आणि नवल म्हणजे, तो जिंकू लागला. गोव्याच्या कॅसिनोत जायचा, खिसा भरून यायचा. मग काय, चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी उसने मागायला उभा. “सदाशेठ, जरा आमच्याकडं बी बघा की!” सदा एकच विचारायचा, “खायला का खेळायला?” दवाखाना, पोरांची फी म्हटलं की गुपचूप द्यायचा. खेळायला म्हटलं, की हातातल्या पिशवीतले निम्मे शेंगदाणे त्याच्यापुढं ओतायचा आणि पत्ते वाटायचा. “बस. हेच पैसं समज.” अर्ध्या तासात सगळे दाणे सदाकडं. “दिलं आसतं तर गेलं आसतं की! आता खा हे, अन् घरी जा.” माणूस हसतच उठायचा.

मी पैसे मागितले तेव्हा दाणे निघाले नाहीत. कारखाना बंद पडला होता, इकडं यायचं भाडं आणि खोलीचं डिपॉझिट हवं होतं. “कवाबी दे,” म्हणाला, “पण दर रविवारी फोन करायचा. पैसं घेतलेला दोस्त फोन उचलत न्हाय, लई बघितल्यात मी.” आज माझं पोट चालतंय ते त्या पैशावर. विसरू नये म्हणून गाडीत बसल्या बसल्या फोनमध्ये त्याच्या नावापुढं ‘उसने’ लिहिलं... तीच चूक झाली. काही रविवार फोन केले. मग पगार रखडला आणि ते नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवायचो. त्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन तीनदा वाजला होता. मी उचलला नाही.

“पैसं न्हवता रं मागत,” त्या दिवशी फोनवर काकू, सदाची आई, म्हणाल्या. “दवाखान्यात करमत न्हवतं त्याला.”

‘उसने’ खोडलं. नुसतं ‘सदा’ ठेवलं. त्याचा फोन काकूंनी चालू ठेवलाय. रविवारी ते नाव उजळतं... पहिल्याच रिंगला उचलतो मी. पलीकडं काकू असतात.