दोघंही सुखरूप

गल्लीत त्याला सगळे सुईण म्हणत. नाव ठेवलं शेजारच्या किल्लीवाल्याने. त्यालाही कारण होतं. कॉम्प्युटरची भरलेली छोटी डिस्क काढायची, तिच्यातलं सगळं, मशीन ज्याच्या जोरावर सुरू होतं त्या भागासकट, मोठ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं आणि नव्या डिस्कवर मशीन उठवून दाखवायचं, हे त्याचं काम. मशीन उठलं की तो गिऱ्हाइकाला फोन करून सांगे, "या, घेऊन जा. दोघंही सुखरूप."

त्याचे काही नेम होते. नवी डिस्क पहिल्यांदा सुरू करताना जुनी तो काढून बाजूला ठेवी. दोघींची ओळख तंतोतंत एक. दोन्ही जोडलेल्या असल्या की मशीन गोंधळतं आणि भलतीवरच उठून बसतं. मालकाने तोंडाने सांगितल्याशिवाय जुनी डिस्क तो पुसत नसे, खणात ठेवी. आणि मशीन उघडलंच आहे तर त्याच्या पोटातला नाण्याएवढा सेलही बदलून टाकी. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो सेल. त्याचे पैसे घेत नसे आणि बदलू का म्हणून विचारतही नसे. न मागता केलेल्या उपकाराचा त्याला थोडा अभिमानच होता.

भाषांतराचं काम करणाऱ्या एक बाई त्याच्याकडे मशीन घेऊन आल्या तेव्हाही त्याने हे सगळं नेमाने केलं. चाळिशी उलटलेली, घरी एकटीच. "डिस्क गच्च भरलीय, काका. मोठी घाला," त्या म्हणाल्या, "पण आतलं काही म्हणजे काही राहता कामा नये."

"ताई, केरकचरासुद्धा उचलून नेतो मी," तो म्हणाला.

दुपारपर्यंत काम आटोपलं. मशीन उठलं, फोन झाला, बाई संध्याकाळी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतंय तोच त्या पुन्हा दारात. मशीन मूल उचलावं तसं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"काका, तुमच्याकडे काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"आई."

किल्लीवाल्याची कानस थांबली. बाई स्टुलावर बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. मशीन त्यांना आईने घेऊन दिलेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण रोज मशीन लावलं की थोड्या वेळाने आईचा आवाज यायचा, 'बारा वाजून गेले. झोप आता.' सकाळी लावा, दुपारी लावा, आवाज यायचाच. मग त्या उठायच्या, डोळ्यांवर पाणी मारायच्या आणि पुन्हा कामाला बसायच्या. "काल घरी नेऊन लावलं. वाट बघितली. आली नाही. पुन्हा लावलं, तरी नाही. मग बंद करून टाकलं."

त्याने मशीन टेबलावर घेतलं. बाईंची परवानगी घेऊन आत शोधलं. आवाजाची फाइल सापडली. वाजवली. एका बाईचा घोगरा, कामाने थकलेला आवाज दुकानात उमटला.

"हाच ना? मग राहिलं कुठे काय!" तो सुटकेने म्हणाला.

"मी बटण दाबल्यावर बोलते ती आई नव्हे, काका," बाई म्हणाल्या. "ती आपण होऊन बोलायची."

त्याला राग आला. खणातून जुनी डिस्क काढून तीच मशीनला लावली. ही तर मूळची. हिच्यावर त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं. मशीन उठलं. दोघं वाट बघत बसले. पंखा फिरत राहिला. आवाज नाही.

नक्कल मुकी निघाली तर चूक शोधता येते. अस्सलच मुकी झाली तर काय म्हणायचं?

"सुईणबाई, आईच दगावली की हो तुमच्या हातून," किल्लीवाला पुटपुटला.

"तू गप रे!"

मग त्याने आवाजाची वेळ कुणी नेमून ठेवली आहे का ते पाहिलं. होती. रोज रात्री बारा वाजून दहा मिनिटं.

"कॉलेजात असताना रात्री जागत बसायचे मी या मशीनवर," बाई म्हणाल्या. "आई रात्रपाळीला असायची. तिनेच काहीतरी करून ठेवलेलं."

"पण मग दिवसा कशी बोलायची?" म्हणता म्हणता त्याची नजर टेबलाखालच्या डब्याकडे गेली. मेलेल्या सेलांचा डबा. काल बाईंच्या मशीनमधून काढलेला सेल त्यातच टाकलेला.

"ताई, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करता?"

"रोज."

त्याने कपाळावर हात मारला. सेलात जीव नाही, भिंतीतून वीज नाही; घड्याळ सगळं विसरायचं. लावलं की बापडं रात्री बारापासून मोजायला सुरुवात करायचं. बाईंची सकाळ ही मशीनची मध्यरात्र. दहा मिनिटं झाली की आई बोलायची. काल त्याने नवा सेल घालून घड्याळ लावलं आणि मशीनला खरी वेळ कळली.

त्याने नवी डिस्क परत लावली, नवा सेल काढला, डब्यातला एक मेलेला सेल उचलून जागेवर दाबला. जन्मात पहिल्यांदा मेलेला सेल मुद्दाम बसवत होता. मशीनने सुरू होताना वेळ चुकल्याची तक्रार केली; बाईंनी सवयीने बटण दाबून ती बाजूला सारली. बाहेर लख्ख ऊन होतं. दूधवाला सायकल टेकवून कुलपाच्या किल्लीसाठी उभा होता.

"बारा वाजून गेले. झोप आता."

बाई उठून उभ्या राहिल्या. तोही उठला होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. दूधवाल्याने घड्याळात पाहिलं.

"असंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "जुन्या डिस्कचं कळवते." आणि मशीन घेऊन गेल्या.

त्याला चैन पडेना. संध्याकाळी त्याने जुनी डिस्क आपल्या टेबलावरच्या मशीनला लावली. तेही त्याच पिढीतलं, तिच्यावर निमूट उठलं. डिस्क धड आहे ना, याची तपासणी लावली, ती रात्रभर चालणार होती, आणि शटर ओढून तो वरच्या मजल्यावर घरी गेला.

सकाळी चहा ओतता ओतता बायकोने विचारलं, "रात्री खाली कोण बाई होती हो? झोप म्हणून सांगत होती."

तो हसला. या मशीनचा सेल चांगला, वेळ बरोबर, आवाज नेमल्या वेळी येणारच. त्याने तिला सगळं समजावून सांगितलं.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण तिला 'हो' म्हणाली ती कोण?"

तो चहा तसाच ठेवून खाली गेला. फाइल लावली, स्पीकरला कान लावला, शेवटपर्यंत ऐकली. वाक्य संपलं, थोडी खरखर, बस. पुन्हा ऐकली. 'हो' कुठेच नव्हतं. 'माझ्या बायकोला स्वप्न पडलं,' असं ठरवून तो तपासणीचा निकाल वाचत होता, तेवढ्यात फोन वाजला. भाषांतरवाल्या बाई.

"काका, मशीन झकास चाललंय, तेवढंच सांगायला केला."

"काल रात्री लावलं होतं?"

"छे. काल लवकर डोळा लागला. मधेच झोपेत 'हो' म्हणाले वाटतं, आपल्याच आवाजाने जागी झाले," बाई हसल्या. "जुनी डिस्क पुसून टाका आता. आई एक पुरे."

"बरं," तो म्हणाला.

त्याने पुसण्याची खिडकी उघडली. मालकाने तोंडाने सांगितलं होतं. एक बटण दाबायचं काम. दोघींची ओळख तंतोतंत एक. काल रात्री बाईंचं मशीन बंद होतं आणि ही चालू होती. बोलली ही, आणि उत्तर गेलं ते हिलाच.

त्याने मशीन बंद केलं. डिस्क काढली, फडक्यात गुंडाळली आणि खणात सगळ्यात मागे सारली.

"काय सुईणबाई," किल्लीवाल्याने पलीकडून हाक दिली, "सुखरूप का दोघं?"

खणाला त्याने आजवर कुलूप लावलं नव्हतं. आता लावलं आणि किल्ली खिशात टाकली.