ओढते किती ते सगळे पाह्यतात, थांबते का ते कोण पाह्यते?

मैतरणींनो, आज खामगावले जुना ट्रॅक्टर पाहाले गेलो होतो. आमचे हे, मी अन् माह्या कडेवर दोन वर्साची पोरगी.

इंजिन मस्त होतं, धूर कमी, टायर बी चांगले. हे त मनातून पसंतच करून बसले. पण आमच्या वावराच्या रस्त्याले मोठा उतार हाय अन् खाली नाला. मले तोच दिसून राह्यला होता.

ट्रॅक्टरले डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक असतात, दोन्ही सारखे लागले नाही त ट्रॅक्टर एका बाजूले ओढते. मी म्हणलं, "भाऊ, दोन्ही जोडून रोडवर जोरात दाबून दाखवा."

विकणारा म्हणे, "वहिनी, ट्रॅक्टर घेऊन राह्यल्या का जावई पाहून राह्यल्या?"

सगळे हसले. हे बी हसले. पण मी बोललीच, "जावई खराब निघाला त पोरगी माहेरी आणता येते भाऊ. हा नाल्यात गेला त कोणाले आणू?"

मंग आमच्या यायनंच ट्रॅक्टर चालवून पाह्यला. ब्रेक दाबला अन् ट्रॅक्टर सीधा डावीकडं ओढला गेला, पार रोडच्या खाली. हे उतरले तवा हसत नव्हते. म्हणे, "भाऊ, पहिले ब्रेक करा, मंग बोलू."

घरी येतानी मले म्हणे, "काऊन वं, तुले कसं समजलं?"

म्हणलं, "समजलं नाही, भेव लागलं."

बायांनो, भेव लागलं म्हणून चूप बसू नका, त्या ट्रॅक्टरवर आपलंच माणूस बसणार हाय. तुमच्या घरी ब्रेक कोण पाह्यते, सांगा बरं?