खालची फळी

हॉस्पिटलच्या तळघरात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या खोलीत तीन फळ्या होत्या. ज्याच्यावाचून माणसाचा श्वास अडेल ते यंत्र वरच्या फळीवर, काम अडेल ते मधल्या, आणि नुसती गैरसोय होईल ते खालच्या. वरची रिकामी झाल्याशिवाय गडी खाली बघायचा नाही. मोठे डॉक्टर नवख्यांना सांगायचे, "वेळ कसा वापरावा, ह्याच्याकडून शिका." खोटं नव्हतं ते. ह्या शिस्तीने कित्येक जीव वाचले होते.

अण्णांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, कानाचं मशीन बंद पडलं, ते त्याने खालच्या फळीवर ठेवलं. घरचं काम आधी करायची त्याला लाज वाटे. बरं, दुसऱ्याकडे द्यावं, तर ह्याचा अपमान!

"अहो, आत्याबाईंचा परत फोन आला होता," बायको म्हणायची. "त्यांचं काही खरं नाही आता. अण्णांशी बोलायचंय त्यांना."

"मग तू अण्णांना लिहून दाखव ना, काय म्हणतात ते."

"मला सांगतील तर ना! म्हणतात, माझ्या भावालाच सांगेन."

आत्या दूर गावी अंथरुणाला खिळलेली, इकडे अण्णांचे पाय गेलेले. दोघांत काय तो फोन. अण्णा तो कानाला लावून ओरडायचे, "ताई, मोठ्याने बोल गं!" आणि पलीकडे म्हातारी दमून जायची.

"उद्या नक्की," मिस्त्री म्हणायचा. पण वरची फळी कसली रिकामी होतेय! एक यंत्र उतरवलं की दुसरं हजर. श्वासापुढे कानाला कोण विचारतो? हिशेब चोख होता मेल्याचा.

मग एका सकाळी बायकोचा कामावर फोन आला. "आत्याबाई गेल्या हो. अण्णांना अजून सांगितलं नाही मी. असलं ओरडून कसं सांगू?"

वरची फळी भरलेली असताना मिस्त्रीने पहिल्यांदाच खालचं मशीन उचललं. आत एक तार सुटली होती, बस्स. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं. त्याला स्वतःचीच किळस आली.

घरी येऊन त्याने मशीन अण्णांच्या कानात बसवलं. "अण्णा, येतंय ऐकू?"

म्हातारा लहान पोरासारखा हसला. "आलं रे, आलं! स्वच्छ येतंय! आधी ताईला फोन लाव बघू."

बायको तोंडाला पदर लावून आत निघून गेली. अण्णा फोनसाठी हात पुढे करून बसले होते. मिस्त्रीला आता बोलावंच लागणार होतं, आणि अण्णांना शब्दन् शब्द ऐकू येणार होता.