महाराणीची कीव

रत्नागिरीतल्या एका महिला मंडळाला दर महिन्याला एक व्याख्यान लागतं आणि व्याख्यानानंतर बटाटेवडा. यंदाच्या मालेचा विषय होता ‘जगातल्या रूपवती राण्या’. पुण्याच्या वक्त्या बाईंनी ऐन वेळी घसा बसल्याचं कळवलं, तेव्हा मंडळाच्या कार्यवाह दीपालीताई वाचनालयात आल्या आणि ग्रंथपाल आम्रपालीताईंच्या टेबलावर एक रंगीत चित्र ठेवून म्हणाल्या, “ऑस्ट्रियाची महाराणी एलिझाबेथ. तुमच्याकडे पुस्तकं आहेतच. तासभर बोला. पण हलकंफुलकं हं! केस, कंबर, दागिने. बायकांना आवडतं.”

चित्रात पांढऱ्या झग्यातली बाई मान वळवून बघत होती. केसांत हिऱ्यांच्या चांदण्या खोवलेल्या. आम्रपालीताईंनी चित्राकडे पाहिलं, दीपालीताईंकडे पाहिलं, आणि दोघींविषयी त्यांचं मत सारखंच झालं. तरी त्या हो म्हणाल्या. मंडळातल्या निम्म्या बायका वीस वर्षं वाचनालयाच्या वर्गणीदार असून पाककृती आणि राशिभविष्याच्या पुढे सरकल्या नव्हत्या. त्यांना तासभर जागेवर बसवायची संधी सोडवेना.

रूपाचा आम्रपालीताईंना जन्माचा तिटकारा, कारण त्या स्वतः विलक्षण देखण्या होत्या. बावन्नाव्या वर्षीही बँकेतला शिपाई त्यांना रांग सोडून पुढे घेई, आणि त्या त्याच्याकडे झुरळाकडे बघावं तशा बघत. विसाव्या वर्षी त्यांच्या रूपाचा बोलबाला राजापूरच्या बाजारापर्यंत होता. तो ऐकूनच कमलाबाई आपल्या राजारामसाठी मागणं घेऊन आल्या. राजाराम मुंबईत कारकून. लग्न बुद्धविहारात झालं, आणि आठ दिवस नव्या नवरीला भांडुपच्या चाळीत दारोदार फिरवण्यात आलं. सून करायला आणली नव्हती, दाखवायला आणली होती. दाखवून झाल्यावर कमलाबाईंच्या लक्षात आलं की चाळ आता आपल्याऐवजी सुनेकडेच बघते. मग सुरू झालं, “रूप काय चाटायचंय?”

राजाराम? तो आईच्या पदराआड उभा राहून हसायचा. तेवढं एक त्याला चांगलं जमायचं.

सासरे रावजी गावी लकव्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं करायला सुनेला राजापूरजवळच्या गावी धाडलं. पोर झाली तीही तिथेच. तिचं नाव तेजस्वी ठेवायचं, हे कमलाबाईंनी ठरवलं. आईला विचारायची रीत त्या घरात नव्हती. पोर दीड वर्षांची होताच कमलाबाई आल्या आणि म्हणाल्या, “मुंबईत दूध चांगलं, डॉक्टर चांगला. हिला मी नेते. तू तुझ्या सासऱ्यांचं बघ.” राजारामने पिशवी उचलली.

दोन वर्षं आम्रपालीने सासऱ्यांचं दुखणं काढलं. अंगणवाडीत नोकरी चालून आली, तर राजारामचं पत्र आलं की चार लोकांच्या नजरेत यायची गरज नाही. गणपतीच्या सुट्टीत चार दिवस पोर गावी आली, तेव्हा ती कमलाबाईंना ‘आई’ म्हणत होती आणि आम्रपालीला ‘गावची बाई’. राजाराम हसला. आम्रपालीने त्या वेळी फक्त त्याच्या दातांकडे पाहिलं.

ती मंडळी परतल्यावर पंधरा दिवसांनी रावजीच तिला म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. “जा गो. पोरीला घेवन ये. माझा काय, गोदा घालील दोन घास.” गोदा म्हणजे शेजारीण. आम्रपाली दुसऱ्या दिवशी निघाली. राजाराम कामावर गेल्यावर भांडुपच्या खोलीत शिरली, कमलाबाईंच्या देखत पोर उचलली आणि म्हणाली, “ओरडा. सगळी चाळ गोळा करा. मला दाखवायची तुम्हाला हौसच आहे.” कमलाबाई ओरडल्या नाहीत. चाळीत शोभा व्हायची त्यांना भीती होती.

हा सगळा ऐवज गाठीला घेऊन आम्रपालीताई महाराणीचं चरित्र वाचायला बसल्या. जसजशा वाचत गेल्या तसतसा त्यांचा पारा चढत गेला. सोळाव्या वर्षी सम्राटाशी लग्न. पहिल्या मुलीचं नाव सासूने परस्पर ठेवलं, तेही स्वतःचंच: सोफी. बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलून सासूच्या महालात. आईने भेटायचं ते सासूबाईंच्या सवडीने. आणि सम्राट? सैन्य पदरी असलेला राजारामच तो, आम्रपालीताईंनी मनात नोंद केली. पुढे बाईने नवऱ्याला लेखी बजावलं की मुलांचा सगळा निर्णय माझा, आणि त्याने ते मानलंसुद्धा! मग काय केलं हिने? घोडे, समुद्रप्रवास, उपास. घोट्यापर्यंतचे केस विंचरायला रोज तीन-तीन तास.

व्याख्यानाला चाळीसेक बायका आल्या. चित्रं दाखवायला लॅपटॉपवर तेजस्वी बसली होती. आता ती एकोणतीस वर्षांची, रत्नागिरीतच शाळेत शिकवणारी. चित्रांसाठी तिनेही ती पुस्तकं चाळली होती.

केस अंड्याच्या बलकाने आणि दारूने धुतले जात, गळलेले केस चांदीच्या तबकात मोजून दाखवावे लागत, हे ऐकून सभागृहात कौतुकाची लाट उठली. कोणीतरी अंडी किती ते विचारलं. सासूचं प्रकरण आलं तसे पदर डोळ्यांना लागले. दीपालीताई उसासून म्हणाल्या, “इतकी सुंदर बाई आणि किती सोसलं हो!”

“मला तिची कीव येत नाही,” आम्रपालीताई म्हणाल्या.

डोळ्यांना लावलेले पदर खाली आले.

“दाराशी गाडी, बंदरात जहाज, हाताखाली शंभर माणसं. लेखी हक्क मिळवला आणि मुलांना नोकरांवर सोडून ही बोटीवर चढली. पुढे त्यातल्या एकुलत्या मुलाने स्वतःला गोळी घालून घेतली. सुंदर होती म्हणून तुम्ही रडताय. बसक्या नाकाची असती तर रडला असतात का? आपल्याकडे एस.टी.चं तिकीट काढून पोर परत आणणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यावर कोणी व्याख्यान ठेवत नाही.”

दोन-तीन टाळ्या पडल्या आणि दीपालीताईंचा चेहरा बघून थांबल्या. तेवढ्यात लॅपटॉपमागून तेजस्वी म्हणाली, “आई, थोरल्या मुलीचं राहिलं. सोफीचं.”

आम्रपालीताईंनी ते टिपणात घेतलंच नव्हतं. त्यांनी लेकीकडे रोखून पाहिलं. लेक नजर हटवेना.

“महाराणीने एकदा हट्ट धरला,” त्या सावकाश सांगू लागल्या. “सासू नको म्हणत असताना दोन्ही मुलींना बरोबर घेऊन हंगेरीला गेली. तिथे दोघी आजारी पडल्या. धाकटी वाचली. थोरली, दोन वर्षांची, गेली. त्यानंतर मुलं सासूकडे राहिली. हिने बरीच वर्षं हट्ट केला नाही.” त्या थांबल्या. “आणखी काही नाही. संपलं.”

शाल-श्रीफळ घाईघाईने उरकलं. वडा घेताना एकही बाई त्यांच्या शेजारी उभी राहिली नाही. पुढच्या महिन्याच्या पत्रिकेत आता पुण्याच्या ‘सुप्रसिद्ध वक्त्या’च येतील, हे त्यांना दीपालीताईंच्या नमस्कारावरूनच कळलं. वडाही कच्चाच होता.

मायलेकी पायी घरी निघाल्या. बरंच चालून झाल्यावर तेजस्वी म्हणाली, “मला आणलंस तेव्हा मीपण आजारी पडले होते ना?”

“सांगितलंय तुला.”

खरंच सांगितलं होतं. गावी परतणाऱ्या एस.टी.त महाडला पोरीच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. चिपळूण सुटलं तेव्हा ती डोळे फिरवायला लागली. कंडक्टरने हातखंब्याच्या फाट्यावर उतरवून रिक्षा करून दिली आणि आम्रपालीने रत्नागिरीचं सरकारी रुग्णालय गाठलं. सहा दिवस तिथे काढले. तिथल्याच एका आयाने वाचनालयात पुस्तकं झटकायला माणूस हवं असल्याचं सांगितलं. बारावी झालेली बाई फडकं घेऊन शिरली आणि परीक्षा देत देत ग्रंथपाल झाली. रावजी पुढल्या वर्षी वारले. तोवर दर रविवारी ती गावी जाई. राजाराम एकदा इस्त्रीचा शर्ट घालून न्यायला आला होता, आणि चहा पिऊन गेला.

“एक सांगितलं नव्हतं,” आम्रपालीताई म्हणाल्या. त्यांनी चालणं थांबवलं नाही. “चौथ्या दिवशी तुझा ताप आणखी चढला. मी खाली जाऊन भांडुपच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. कमलाबाईंना बोलावून घ्या म्हणाले. आल्या की पोर त्यांच्या हवाली करायची, त्यांचे पाय धरायचे, पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं मी.”

“मग?”

“शेजारी त्यांना हाक मारायला गेला. फोन कानाला धरून मी उभी होते. तेवढ्यात नर्स खाली आली आणि म्हणाली, ताप उतरतोय. मी फोन ठेवून दिला.”

पुढे चढाव होता. तो संपल्यावर तेजस्वीने आईच्या हातातली शाल-नारळाची पिशवी काढून आपल्याकडे घेतली.

“तरी ती बाई मूर्खच,” आम्रपालीताई म्हणाल्या. “केसाला तीन तास!”

“हो,” तेजस्वी म्हणाली, “तेवढं खरं.”