तपासणीच्या दिवशीचा उजवा हात

तपासणीला साहेब येणार असले की आमच्या परळच्या शाळेचे हेडमास्तर वर्गावर्गात जाऊन एकच धडा शिकवायचे. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे हात सगळ्यांचेच वर, आणि बाईंनी उजवे हात बघून विचारायचं. मुलांना नागरिक करायचं आणि सुरुवात लबाडीने! मला भयंकर चीड यायची. पण नोकरी नवी होती, मूग गिळून बसले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. मराठी शाळेतून आलेल्या गिरणी कामगारांच्या मुलांना मी आठवीत इंग्रजीतून नागरिकशास्त्र शिकवायची. त्यात लालबागची एक मुलगी होती. तपासणीत ती टिकली नाही तर तिची रवानगी परत मराठी वर्गात, असं हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं. तिचे वडील सत्याग्रहात पकडले गेले होते, खरं तर तेच हेडमास्तरांच्या डोळ्यांत सलत होतं. "तू डावाच हात वर करायचा," त्यांनी तिला बजावलं.

साहेब आले. सरकारचं म्हणणं पटलं नाही तर नागरिकाने काय करावं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. सगळे हात वर झाले. तिचा उजवा होता. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं.

"हत्यार न घेता सभा भरवायची, मोर्चा काढायचा," ती मराठीतच म्हणाली. "माझे बाबा त्याच्यासाठीच गेले. तुरुंगात आहेत."

साहेबांना मराठी येत नव्हतं. काय म्हणते ही, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर बरोबर होतं, मी फक्त ते इंग्रजीत सांगायचं होतं. हेडमास्तर माझ्याकडे रोखून बघत होते.

"तिला प्रश्नच कळला नाही, सर," मी इंग्रजीत म्हणाले.

पुढे राज्य झालं तेव्हा याच हेडमास्तरांनी शाळेत पेढे वाटले. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी ती मराठी वर्गात जायला निघाली. दप्तर घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी थांबली.

"बाई, तुम्ही काल साहेबांना काय सांगितलंत ते मला कळलं," ती म्हणाली. "तेवढं इंग्रजी तुम्हीच शिकवलंत."